तीन पायऱ्यांचा उन्हाळा

ऑगस्ट आला हे मला कॅलेंडर सांगत नाही, चष्मा सांगतो. सकाळी घराचं दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की दोन्ही काचा एका क्षणात पांढऱ्या होतात. मग पर्समध्ये रुमाल शोधायचा, काचा पुसायच्या, आणि त्या पुसून होईपर्यंत कपाळावरचा घाम भुवयांपर्यंत आलेला असतो. आम्हा शारजाकरांचे ऋतू दोनच. एसी चालवावाच लागतो तो एक, आणि एसी बंद करता येतो तो दुसरा. त्यातला पहिला सात-आठ महिने हलत नाही, आणि ऑगस्टमध्ये तर तो अंगावर येऊन बसतो. माझी मुलगी इथेच वाढली. तिचं म्हणणं साधं आहे. "आई, जस्ट स्टे इनसाइड ना!"

मी बाहेर पडतेच. लोक हसतील म्हणून कोणाला सांगत नाही, पण मला हा चिकट, कोंदट महिना आवडतो. काचांवर वाफ धरली की मला शारजाच्या रोल्ला भागातली आमची जुनी बिल्डिंग दिसते, तिच्या दारातल्या तीन पायऱ्या दिसतात, आणि त्या पायऱ्यांच्या वर, व्हीलचेअरमध्ये बसून खालच्या गल्लीकडे बघणारी नलूताई दिसते. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. तो उन्हाळा मी मनात अनेकदा पुन्हा जगले आहे.

शाळांना सुट्टी लागली की रोल्ला ओस पडायचं. बायका-मुलं बॅगा बांधून मुंबई, कोची, कराची गाठायची आणि मागे नवरे उरायचे. आमच्याकडे त्या वर्षी उलटं झालं. माझी नोकरी नवी, रजा मिळण्यासारखी नव्हती. नवऱ्याला मात्र कंपनीने रजा दिली, तेव्हा तो सहा वर्षांच्या लेकीला घेऊन नाशिकला गेला आणि मी एकटी राहिले. जिन्यात दर मजल्यावर वेगळा वास यायचा, पहिल्यावर तळलेल्या माशांचा, दुसऱ्यावर करपलेल्या डाळीचा. एकट्या पुरुषांचे स्वयंपाक ते, करपायचेच. गच्चीवरच्या टाक्या इतक्या तापायच्या की नळाचं पाणी हाताला चटके द्यायचं. मग गीझर बंद ठेवून त्यात साठलेलं पाणी गार म्हणून अंगावर घ्यायचं, ही इथली युक्ती मला त्याच वर्षी कळली. दुपारी एक ते चार दुकानांची शटर खाली असायची आणि उभ्या मोटारींखालच्या सावलीत मांजरं पसरलेली असायची. रस्त्याच्या मधल्या खजुरांना घड लागलेले, कोणीतरी ते जाळीच्या पिशव्यांत बांधून ठेवलेले. पिवळे होते ते हळूहळू तपकिरी झाले आणि माझे दिवस मी त्यांच्याकडे बघूनच मोजत होते.

ऑफिस दुबईच्या देरा भागात होतं. शारजाहून शेअर टॅक्सीने जायचं, दोन जिने चढायचे. आत चार ड्रॉइंग टेबलं, दोन कॉम्प्युटर आणि एक फॅक्स मशीन. मालक कुरियनसाहेब, केरळचे इंजिनियर, सभ्य माणूस, पण प्रत्येक कामाची तारीख आधीच उलटून गेल्यासारखा चेहरा. माझ्या कार्डावर 'ड्राफ्ट्समन' असं छापलेलं होतं, बाई असले तरी. त्या जुलैत आमच्याकडे एक वेगळंच काम आलं. एका संस्थेला हवं होतं की जुन्या वस्तीतले दवाखाने, बँका, पोस्ट, मोठी दुकानं इथे व्हीलचेअरवरच्या माणसाला, काठीवरच्या माणसाला जाता येतं का, हे पाहून अहवाल द्यावा आणि सुधारणा सुचवाव्यात. आज याला सगळे ॲक्सेसिबिलिटी म्हणतात. तेव्हा तो शब्द उच्चारताना माझी जीभ अडखळायची. परदेशातून फॅक्सवर प्रश्नावली आली होती. दाराची रुंदी किती, पायऱ्या किती, उतार आहे का, संडास वापरता येतो का. प्रत्येक प्रश्नापुढे दोन रकाने, हो आणि नाही.

टेप, पाणसळ आणि पॅड घेऊन मी फिरू लागले. मोजायला मला मनापासून आवडतं. कोणाच्या घरी गेले तरी माझी नजर आधी दाराच्या चौकटीकडे जाते, हा माझा दोष आहे. पण प्रश्नावलीतला एक प्रश्न टेपने सुटणारा नव्हता. व्हीलचेअरवालं माणूस आलं तर तुम्ही काय करता? या प्रश्नाचं उत्तर मला सगळीकडे एकच मिळालं. मलबारी किराणावाला असो, इराणी बेकरीवाला असो, की आपल्याच साताऱ्याचा औषधाच्या दुकानातला माणूस असो.

"नो प्रॉब्लेम मॅडम. चार आदमी हैं, उठा लेगा."

दुबईतल्या मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पजवळच्या एका दवाखान्यात तर मी ते डोळ्यांनी पाहिलं. पाय मोडलेल्या एका गड्याला त्याचे सोबती प्लायवुडच्या फळीवर घालून पायऱ्या चढवत होते, आणि वर चढल्यावर चौघंही हसत होते. मला भरून आलं. परक्या देशात माणसं एकमेकांना अशी उचलून धरतात, आणि या फॅक्सवाल्यांच्या कागदात त्याला जागाच नाही! मी पट्टी घेतली आणि हो-नाहीच्या शेजारी एक तिसरा रकाना स्वतः आखला. 'विथ हेल्प', म्हणजे मदतीने जमतं. पंधरा दिवसांत तो रकाना बरोबरच्या खुणांनी भरून गेला. कुरियनसाहेबांनी पाहिलं आणि म्हणाले, "व्हेरी प्रॅक्टिकल." मी आठवडाभर त्या शब्दांवर तरंगत होते.

आता नलूताईबद्दल. ती आमच्या वरच्या, तिसऱ्या मजल्यावर राहायची. ती आणि तिचे यजमान अण्णा मूळचे लांज्याकडचे. बिल्डिंगच्या तळमजल्यावर, गल्लीच्या बाजूला त्यांचं पोळी-भाजीचं दुकान होतं. हिशेब-परवाने अण्णांकडे, पण दुकान म्हणजे नलूताई. पहाटे पाचला ती काउंटरमागे उभी असायची. तिच्या पुरणपोळीसाठी लोक दुबईहून यायचे आणि तिची बोलणीही खाऊन जायचे. "काल का नाही आलात? पोळ्या काय मी तुमच्यासाठी फ्रीजमध्ये कोंडून ठेवू?" असं गिऱ्हाइकाला सुनावणारी बाई ती. त्या उन्हाळ्याच्या दोन वर्षं आधी अजमानहून सामान घेऊन परतताना त्यांचा पिकअप उलटला. अण्णांना खरचटलं, नलूताईच्या पाठीच्या कण्याला मार बसला. तेव्हापासून कमरेखाली काही नाही.

लिफ्ट होती. तिची व्हीलचेअर त्यात जेमतेम मावायची. पण लिफ्टमधून बाहेर पडलं की बिल्डिंगच्या दाराशी तीन पायऱ्या होत्या. दुकानात काम करणारे चौघं, गंगाराम आणि त्याचे तीन सोबती, सगळे कोकणातले, चाळिशीतले, बायकापोरं गावी असलेले. ते तिला खुर्चीसकट उचलून खाली आणायचे. सुरुवातीला रोज. मग आठवड्यातून एकदा. मग फक्त हॉस्पिटलच्या दिवशी. कोणी विचारलं तर ती म्हणायची, "कंटाळा येतो गं." आम्हा सगळ्यांना ते पटलं. बाई खचली, असं आम्ही हळू आवाजात म्हणायचो. अण्णांनी तर ठरवूनच टाकलं होतं. जिन्यात भेटले तेव्हा मला म्हणाले, "गणपतीच्या आधी तिला गावी धाडतोय. तिथेच राहील आता. एकाच पातळीवर घर आहे, माझी वहिनी बघेल. अंगणात तरी बसेल. इथे काय, भिंती मोजत बसते."

मला तेही शहाणपणाचं वाटलं. नलूताईला काय वाटतं हे मी विचारलं नाही.

जुलै संपता संपता एका संध्याकाळी मी वर तिच्याकडे बसले होते. माझे फॉर्म कच्चे होते ते पक्के लिहून काढत होते. नलूताई मांडीवर ताट घेऊन मेथी निवडत होती. दोन बायका आपापलं काम करत बसल्या की जी शांतता असते ती खोलीत होती, वर एसीची घरघर. तिने सहज हात पुढे करून एक फॉर्म उचलला. हे आपल्याच कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचं, हे तिने नाव वाचून ओळखलं.

"हा 'विथ हेल्प' रकाना त्या लोकांचा आहे?"

"नाही, मी काढला," मी कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले.

"खोडून टाक."

मला वाटलं ती चेष्टा करते आहे. तिने ताट बाजूला ठेवलं.

"मला उद्या खाली न्यायचं असेल ना वैशाली, तर आज दुपारपासून मी पाणी पीत नाही. खाली गेल्यावर लागलं तर पुन्हा चौघांना हाक मारायची, दुकान थांबवायचं, वर आणायचं. त्यापेक्षा तहान बरी. गंगाराम मला भावासारखा आहे. पण उचलताना त्याचा हात कुठे पडतो हे त्याला कळतं आणि मलाही. तो मान फिरवतो. मी डोळे मिटते. मग दोघंही मोठमोठ्याने आंब्याबिंब्याचं काहीतरी बोलत राहतो. चौघांपैकी एकाला ताप आला की माझं जाणं रद्द. आणि ते कुरकुरत नाहीत गं, हेच तर! कुरकुरले असते तर मी भांडले तरी असते." तिने फॉर्म माझ्यापुढे धरला. "आणि तू त्याच्यापुढे बरोबरची खूण करतेस."

मला लाज वाटली. खूप दिवसांनी, इतक्या सरळ कारणासाठी. तिच्याच खालच्या मजल्यावर मी ही दोन्ही वर्षं राहत होते, रोज त्या तीन पायऱ्या उतरत होते, आणि ती कंटाळली आहे असं समजत होते.

दुसऱ्या दिवशी कुरियनसाहेबांपुढे उभी राहिले आणि पंधरा दिवसांचं काम चुकलं म्हणून सांगितलं. तो रकाना काढून टाकायचा, सगळीकडे पुन्हा जायचं, आणि या वेळी व्हीलचेअर वापरणाऱ्या बाईला बरोबर न्यायचं. त्यांचा तारीख उलटलेला चेहरा आणखी लांब झाला. "मॅडम, व्हेरी प्रॅक्टिकल था ना?" मी म्हणाले, "सर, उठानेवाले के लिए प्रॅक्टिकल था." ते बराच वेळ पेन्सिलीला टोक करत राहिले. मग म्हणाले, "एक हफ्ता. ओन्ली वन वीक." आणि स्वतःलाच धीर दिल्यासारखं, "इन्शाल्ला."

तो एक आठवडा म्हणजे माझ्या आयुष्यातल्या फार सुंदर आठवड्यांपैकी एक आहे, जरी त्यात आम्ही घामाने भिजून चिंब होत होतो. चार वाजता दुकानं उघडली की आम्ही निघायचो. दुकानाचा पिकअप गंगाराम चालवायचा. घरापासून गाडीपर्यंत तिला उचलावंच लागायचं, त्याला इलाज नव्हता. पण नलूताईने अट घातली होती की गाडीतून उतरल्यावर तिच्या खुर्चीला कोणी बोट लावायचं नाही. गंगाराम बिचारा हात पाठीमागे बांधून उभा राहायचा आणि एक हात दुसऱ्याला घट्ट धरून ठेवायचा.

औषधाच्या दुकानाची पायरी वीतभरही नव्हती. नलूताई तिच्यासमोर उन्हात थांबली. आतला साताऱ्याचा माणूस धावत आला, "ताई, उचलतो ना!" ती म्हणाली, "नको. वैशाली, लिही. नाही." एका दवाखान्याच्या उताराला मी पहिल्या फेरीत आनंदाने 'हो' लिहिलं होतं. तो औषधांच्या खोक्यांची ट्रॉली चढवण्यासाठी केलेला होता, घसरगुंडीसारखा उभा. नलूताई अर्ध्यापर्यंत गेली, तिचे दंड थरथरले आणि खुर्ची मागे सरकायला लागली. मी आणि गंगारामने अट मोडून ती पकडली. "लिही," ती धापा टाकत म्हणाली, "खोक्यांसाठी हो, माणसांसाठी नाही." पोस्टात काउंटर इतकं उंच होतं की कारकुनाला तिचा फक्त केसांचा भांग दिसत असावा. त्याने मला विचारलं, "इनको क्या चाहिए?" खालून आवाज आला, "इनको तिकट चाहिए, और इनको बोलना आता है!" रांगेतले सगळे हसले. कारकून उभा राहिला आणि माफी मागून तिकिटं द्यायला बाहेर आला. एका नव्या शॉपिंग सेंटरात संडासाच्या दारावर व्हीलचेअरचं छान चित्र होतं. दार उघडलं तर आत बादल्या, पोचे आणि खोकी. ती खोली सामानासाठी आहे अशी सफाईवाल्याची प्रामाणिक समजूत होती, कारण आजवर तिथे कोणी आलंच नव्हतं.

आणि एक सुपरमार्केट होतं, नवंकोरं. उंबरठा नाही, पायरी नाही, समोर गेलं की काचेची दारं आपोआप सरकणारी. नलूताई आत गेली. मग बाहेर आली. मग पुन्हा आत गेली. चौथ्यांदा दारं सरकली तेव्हा गंगाराम कळवळून म्हणाला, "मावशी, बिघडेल वो ता!" ती इतकी हसली की तिला पदर तोंडावर धरावा लागला. मी कागदावर 'हो' लिहिलं. तेव्हा माझ्या हातातलं पॅड घामाने ओलं झालं होतं आणि ती शाई आजही त्या कच्च्या फॉर्मवर पसरलेली आहे. तो फॉर्म मी ऑफिसात दिला नाही, नक्कल करून दिली.

आमचा अहवाल कुठल्या कपाटात गेला मला ठाऊक नाही. आज इथल्या मेट्रोत, मॉलमध्ये, फुटपाथांवर सगळीकडे नेटके उतार आहेत, खुर्च्या आहेत, खुणा आहेत. त्याचं श्रेय आमच्या फाइलला नाही, हे मला पक्कं माहीत आहे. ते अनेकांनी अनेक वर्षं केलेलं काम आहे. तरी एखादा चांगला उतार दिसला की मी थांबते, डोळ्यांनी त्याची लांबी-उंची घेते. लोक त्यावरून आपल्या चाकांच्या बॅगा ओढत बिनधास्त जात असतात. लेक कोपराने ढोसते. "आई, नॉट अगेन!"

त्या आठवड्याच्या शेवटी आम्ही परतलो, चौघांनी नलूताईला उचलून तीन पायऱ्यांच्या वर ठेवलं आणि तिने मागे वळून विचारलं, "आपल्या बिल्डिंगचा फॉर्म कधी भरणार?"

मी टेप काढली. प्रत्येक पायरी पंधरा सेंटिमीटर, म्हणजे एकूण पंचेचाळीस. एकीला स्वतः चढता यावं असा उतार हवा तर उंचीच्या बारापट लांबी लागते. पाच मीटर चाळीस. दाराच्या शेजारी बिल्डिंगच्याच हद्दीत एक पट्टा होता, तिथे अण्णांचा पिकअप उभा असायचा आणि कांद्याच्या गोणी पडलेल्या असायच्या. मधे एक सपाट जागा ठेवून उतार वळवला तर बरोबर बसत होता. त्याच रात्री जेवणाआधी मी तो कागदावर काढला. एवढं नेटकं ड्रॉइंग मी नोकरीतही कधी केलं नव्हतं.

अण्णांनी ते पाहिलं आणि परत माझ्या हातात दिलं. "मालक कशाला परवानगी देईल? उगाच डोळ्यांवर यायचं. आणि ती तर आता जाणार आहे. शिवाय आम्ही आहोत ना उचलायला?"

गंगारामला तर ते लागलंच. तो दारात उभा राहून म्हणाला, "मावशी, आमचं काय चुकलं काय? जड झालात, असं कधी बोललो काय आम्ही?"

नलूताईने त्याला जवळ बोलावलं. "तुझं काहीच चुकलं नाही रे. तुझ्या बायकोला गावी कोणी रोज उचलून विहिरीवर नेलं असतं, प्रेमाने, तर तिला चाललं असतं?" गंगाराम खाली दुकानात निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद असताना त्याने त्या पट्ट्यातल्या कांद्याच्या गोणी एकट्याने मागच्या बाजूला नेऊन रचल्या. हे कोणी त्याला सांगितलं नव्हतं.

बिल्डिंगचा मालक एक वृद्ध अरब होता. आम्ही त्याला अरबाब, म्हणजे मालक, म्हणायचो आणि भाड्याच्या चेकाशिवाय त्याच्या वाटेला जायचो नाही. मी अण्णांना जवळजवळ ओढतच त्याच्या ऑफिसात नेलं. त्याने कहवा दिला, खजूर पुढे केला. जुन्या व्यापारी दिवसांतलं मोडकंतोडकं हिंदी त्याला येत होतं. मी ड्रॉइंग उलगडलं, त्याने ते उलटं धरून बराच वेळ पाहिलं.

"ये औरत दो साल से ऊपर है?"

"हां, अरबाब."

"दो साल से तुम पहले क्यों नहीं बोला?"

अण्णांनी मान खाली घातली. मीही. "यल्ला, बनाओ," तो म्हणाला. "खलास." एवढंच झालं. आम्ही तिथे सात मिनिटंही नव्हतो.

मी पुढे वर्षानुवर्षं त्या सात मिनिटांचा विचार करत राहिले. परक्या मुलुखात आलेल्या माणसाला एक सवय लागते. मागायचं नाही, नजरेत भरायचं नाही, आपलं आपण निभवायचं. चार माणसं दोन वर्षं पाठ मोडून एका बाईला उचलत राहिली, ती बाई तहानलेली राहिली, पण खालच्या रस्त्यावर ऑफिस असलेल्या म्हाताऱ्याला एक प्रश्न विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्या चांगुलपणात भीती किती मिसळलेली होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मी माझ्या फॉर्मवर आखलेला तो रकानाही त्याच भीतीतून आला होता.

एका मराठी कंत्राटदाराच्या ओळखीने मुहैस्नाहहून तीन गवंडी आले. शुक्रवारी उजाडताच काम सुरू केलं, कारण नऊनंतर उन्हात उभं राहवत नाही. ऑगस्टमध्ये काँक्रीट फार लवकर वाळतं आणि तडकतं, म्हणून त्यावर ओली पोती टाकून पाणी मारत राहावं लागतं. ते काम गंगारामने मागून घेतलं. सात दिवस, दर तासाला तो बादली घेऊन यायचा, पोती भिजवायचा, काठावर बोट दाबून बघायचा. ज्या कामाने त्याचं उचलणं संपणार होतं तेच त्याने इतक्या मायेने केलं.

उतार तयार झाला तेव्हा नलूताईच्या विमानाला चार दिवस उरले होते. अण्णांनी नारळ फोडला. ती उतरली, वळणाच्या सपाट जागेवर दम घेतला, पुढे उतरली, आणि जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या तिला आवडल्या नाहीत, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. चढताना दोनदा थांबली, पण चढली. मला वाटलं, झालं, आता ती राहणार. पण अण्णांनी तिकिटाचा विषय काढला नाही, आणि तिनेही नाही. पुढचे दोन दिवस ती सकाळ-संध्याकाळ उतरत-चढत होती, फक्त तेवढंच. बॅग पलंगाखालून बाहेर काढलेली होती.

तिसऱ्या दिवशी साडेचारच्या सुमारास मी तिच्याकडे होते. अण्णा पासपोर्ट आणि तिकीट घेऊन आले. तिने तिकीट हातात घेऊन वाचलं.

"परतीचं कुठे आहे?"

"ते नंतर बघू," अण्णा म्हणाले. "आधी जा तर. सवय होईल. तुझ्याच भल्याचं आहे नलू."

"मला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? दोन वर्षं बघतोय मी. मला बघवत नाही तुझं."

"तुम्हाला बघवत नाही म्हणून मी जायचं?"

मी उठून जाऊ की बसू, मला कळेना. आवाज चढत गेले. दोन वर्षांत त्या घरातून भांडणाचा आवाज कधी आला नव्हता हे माझ्या त्याच वेळी ध्यानात आलं. अण्णा म्हणाले, "मी एवढं सगळं करतो ते..." आणि नलूताईने त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. तिने तिकीट पलंगावर टाकलं, खुर्ची वळवली, दार उघडलं आणि निघून गेली. लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज आला.

आम्ही दोघं बाल्कनीत धावलो. बाहेर भट्टीसारखी हवा होती. खाली बिल्डिंगच्या दारातून नलूताईची खुर्ची बाहेर आली, उतारावर वळली, गल्लीत उतरली. दुकानाच्या दारातून गंगाराम पुढे झाला. "जाऊ दे तिला!" अण्णा वरून ओरडले. गंगाराम जागच्या जागी थांबला. तिने वर पाहिलं नाही. डावीकडे वळून, शिंप्याच्या दुकानापुढून, कोपऱ्यावरून ती दिसेनाशी झाली.

अण्णा कठड्याला धरून उभे होते. मला वाटलं ते चिडलेत. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "रागावून गेली," ते म्हणाले. "वैशाली, बघितलंस? माझ्यावर रागावून निघून गेली. दोन वर्षं बाईला धड रागावतासुद्धा आलं नव्हतं." मग गाल पुसून म्हणाले, "ट्रॅव्हल्सवाल्याला फोन करतो. तिकीट रद्द."

आम्ही खाली दुकानात येऊन बसलो. पाच वाजले, साडेपाच वाजले. पोळ्यांसाठी गिऱ्हाइकं यायला लागली. शोधायला जावं असं अण्णांच्या, गंगारामच्या, माझ्या, तिघांच्याही मनात शंभरदा येऊन गेलं असेल, पण कोणी उठलं नाही. सूर्यास्ताची मगरिबची अजान झाली आणि थोड्या वेळाने नलूताई गल्लीच्या दुसऱ्याच टोकाकडून आली. केस कपाळाला चिकटलेले, चेहरा लालबुंद. ती सरळ दुकानात शिरली.

"कुठे गेली होतीस?" अण्णांनी विचारलं.

"बाहेर," ती म्हणाली, आणि परातीत बोट खुपसून तिने गंगारामला विचारलं, "ही कणीक इतकी सैल कोणी मळली?"